रस्त्याकडची न्हाणी

त्या दिवशी कुणी खाकरलं नाही.

आमच्या आळीत रीत आहे. न्हाणीवरून जायचं असलं की गडी माणूस लांबूनच खाकरतो. आत बाई असली तर ती तांब्या वाजवते. मग तो मान खाली घालून पलीकडच्या कडेनं निघून जातो. माझा नवरा दारू पिऊन यायचा, भिंत धरून चालायचा, पण न्हाणीजवळ आला की खाकरायचा. ही रीत कुणी शिकवली नाही आणि कुठं लिहून ठेवलेली नाही.

मी आत बसले होते. तोंडाला साबण. डोळे मिटलेले. आधी पत्र्याचा आवाज आला. वाटलं, वारं असेल. मग उजेड आला. मिटल्या डोळ्यांनाही उजेड कळतो. तोंडावरून हात फिरवून बघितलं, तर पुढचा पत्रा नव्हता. दोन माणसं तो आडवा धरून ट्रॉलीकडं नेत होती. तिसरा बाजूचा बांबू हलवून हलवून उपटत होता. आणि समोर रस्ता. दुधाचा टेम्पो, शाळेला निघालेली पोरं, चहाच्या टपरीवरची माणसं, खिडक्यांतून तोंडं बाहेर काढलेली एसटी.

अंगावर जुनं लुगडं होतं. आमच्या बाया अंगावर कापड ठेवूनच अंघोळ करतात. पण ओलं लुगडं असलं काय आणि नसलं काय. मी गुडघे पोटाशी घेतले आणि बादली पुढं ओढली. बादलीमागं माणूस किती मावणार.

नगरपंचायतीचा साहेब समोर उभा होता. तरुण पोरगा, चांगल्या घरचा, हातात कागद. कागदाकडं बघतच बोलला, "आजी, तुम्ही आत आहात हे माहीत नव्हतं. फूटपाथला लागून कमरेच्या वर आडोसा चालत नाही. नियम आहे. आरपार दिसलं पाहिजे."

"आरपार म्हंजी?"

"म्हणजे पलीकडचं दिसलं पाहिजे."

पलीकडं मी होते.

तो अवघडला. माणसांना म्हणाला, जरा थांबा. तेवढ्यात टपरीवरून आवाज आला. आबाचा. गावात त्याच्या आवाजावाचून काही हलत नाही. आधी सरपंच होता, आता नगरसेवक आहे. चहाचा कप हातात धरून म्हणाला, "अहो साहेब, लाजताय काय? म्हातारीचं आता काय बघायचं ऱ्हायलंय? काढा पटापटा."

सगळे हसले. टपरीवरचे हसले, ट्रॉलीवरचे हसले. आमच्या आळीतले दोघं-तिघंही हसले, जरा मान खाली घालून. पोरांना काही कळलं नव्हतं, तीही हसली. शेजारची हौसा गोधडी घेऊन पळत आली आणि माझ्या अंगावर टाकली. गोधडीत मी घरात गेले. साबण तसाच अंगावर वाळला. दिवसभर खाजत होतं.

मी चौथीपर्यंत शिकलेली आहे. लिहिता येतं, हळू. म्हणून हे लिहिते आहे. गावाचं नाव लिहीत नाही. शिरूरहून दौंडकडं जाताना रस्त्यात लागतं, एवढं पुरे. आबाचंही खरं नाव लिहीत नाही. पण लिहिताना त्याला अरे-तुरे करणार आहे. माझ्यापेक्षा तो कितीतरी लहान आहे. तोंडावर आजही मी त्याला अहो-जाहोच करते. जीभ दुसरीकडं वळतच नाही.

तो मला पहिल्यापासून ए, अगं, म्हातारे. तो लहान होता तेव्हा मी त्यांच्या कांद्यात खुरपायला जायचे. तहान लागली की बांधावर उकिडवं बसायचं, ओंजळ करायची, त्याची आई वरून पाणी ओतायची. आता तसं नाही. आता आम्हाला पाण्याची बाटली देतात, आणि ती परत घेत नाहीत.

त्याचं बोलणं मी नंतर पुष्कळ वेळा डोक्यात घोळवलं. म्हाताऱ्या बाईला लाज नसते, असं त्याला म्हणायचं होतं का? की आमच्या बायांना ती कधीच नसते, असं? मला ठरवता आलं नाही. बहुतेक दोन्ही.

आता न्हाणी रस्त्यावर का होती ते सांगते. हौस म्हणून कुणी रस्त्यावर अंघोळ करत नाही.

आमच्या आळीला आधी जातीचं नाव होतं. सरकारनं ते बदललं, निळी पाटी लावली. पत्ता विचारणारे अजून जुनंच नाव घेतात. घरं एका ओळीत. पुढं रस्ता, मागं आबाच्या बापाची बाग. बागेला शेराचं कुंपण होतं, हिरवं, दाट. शेर आणि आमच्या मागच्या भिंती यांच्यामध्ये एक बोळ होता. दोन बाया एकमेकींना घासून जातील एवढाच. सगळ्यांच्या न्हाण्या त्या बोळात. पाणी बागेच्या चरात जायचं, बागेलाही बरं आणि आम्हालाही. मी लग्न होऊन निमोण्याहून आले तेव्हा पहिली अंघोळ त्याच बोळात केली. रस्त्यावरून काही म्हणता काही दिसायचं नाही.

बाप गेला, आबानं बाग मोडून बंगला बांधला. शेर उपटला आणि भिंत घातली. भिंत आमच्या भिंतींना आणून टेकवली. बोळ गेला. आम्ही बाया विचारायला गेलो तेव्हा तो व्हरांड्यात पेपर वाचत होता. "बोळ कुणाच्या नावावर हाय?" म्हणाला. कुणाच्याच नव्हता. "मग?" म्हणाला आणि पान उलटलं.

दोन पुरुष उंच भिंत. वर बाटल्यांच्या काचा रोवल्या.

आम्ही भांडलो नाही. न्हाण्या उचलून घरापुढं आणल्या. ज्यांना जमलं त्यांनी पुढं घरातच कोपरा अडवून मोरी केली. हौसाला आणि मला जमलं नाही. आमची एकच खोली. त्यात गॅस, कॉट, पिठाचा डबा, भांडी, दोन माणसं, आणि आठवड्यातून एकदा येणारा पोरगा. तो टेम्पोवर असतो. मागं भिंत फोडून पाणी काढावं तर आबाची भिंत. मग पुढं पत्रे लावले, तीन बाजूंनी. चौथ्या बाजूला घर.

मग गावाची ग्रामपंचायत गेली आणि नगरपंचायत आली. रस्ता रुंद झाला. फूटपाथ आला, लाल-पिवळ्या ब्लॉकचा, अगदी आमच्या न्हाण्यांना लागून. त्याच्यामागून नियम आले. कुंपण किती उंच, भिंत किती उंच, वर जाळी, फाटक आतल्या बाजूला उघडायचं, चालणाऱ्याच्या वाटेत काही यायचं नाही. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. कोपऱ्यावर उंच भिंत असली की गाडीवाल्याला माणूस दिसत नाही, हे खरं आहे. पण तो नियम आमच्या दारापासून सुरू झाला आणि आमच्याच दारात संपला. पुढं चार पावलांवर, आमची ओळ संपते तिथं, आबाची तीच उंच भिंत वळून रस्त्याला येते आणि तिच्यात त्याचं फाटक. ते बाहेर उघडतं. उघडलं की चालणाऱ्यानं थांबायचं, गाडी बाहेर येऊ द्यायची, मग निघायचं. फाटकापुढच्या फूटपाथवर त्यानं हिरवळ लावली आहे आणि भोवती साखळी. ती हिरवळ ओलांडायला माणसं रस्त्यावर उतरतात.

दोन दिवसांनी साहेब पुन्हा आला तेव्हा मी त्याला हे विचारलं.

"ती भिंत जुनी आहे, आजी. नियमाच्या आधीची."

"मग आमची न्हाणी काय काल घातली?"

"न्हाणीला परवानगी नव्हती."

"अंघोळीची परवानगी कुणाला मागायची व्हती?"

त्यानं हातातल्या कागदाची घडी घातली. वाईट पोरगा नव्हता. म्हणाला, सार्वजनिक शौचालयात बाथरूम आहे, तिथं जा. मी जाऊन आले. बाथरूमला कुलूप होतं. फटीतून बघितलं तर आत ठेकेदाराच्या सिमेंटच्या गोण्या होत्या.

माझी सून सुनंदा. रांजणगावला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटते. पहाटे उठते, अंघोळ करते, चौकात कंपनीची बस धरते. बोलायला कमी. माझ्यासारखीच, फटकळ म्हणतात तिला. त्या आठवड्यात एकदा संध्याकाळी कामावरून आली, चप्पल काढली, आणि पाणी न पिताच म्हणाली, "आत्या, तुमचा व्हिडिओ आलाय कॅन्टीनमधी."

"कसला?"

"तुम्ही बादलीमागं बसलाय."

"तोंड दिसतंय?"

"व्हय."

मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

"आबांचं बोलणं बी आलंय त्यात," ती म्हणाली. "हसण्याचा आवाज लई मोठा हाय." मग म्हणाली, "उद्या माझा यील."

माझं काय, मी उतरणीला लागलेली बाई. माझं जे व्हायचं ते झालं होतं. पण ती चाळिशीची. तिला रोज त्याच माणसांपुढून बसला जायचं होतं, त्याच कॅन्टीनमध्ये उभं राहायचं होतं. माझ्यापुढं त्या दिवसापासून एकच गोष्ट उरली. सुनंदाला कुणी बघणार नाही अशी जागा पाहिजे. बाकी काही नको होतं मला. मानबिन नंतर.

आधी घरात करून बघितलं. कॉट उभी केली, खाली मोठं घमेलं ठेवलं, तिनं त्यात बसून पाणी घेतलं. पाणी कॉटखाली, पिठाच्या डब्याखाली, हौसाच्या भिंतीत. हौसा बोलायला आली, तिचंही बरोबर होतं. मग सुनंदा ओल्या फडक्यानं अंग पुसून कामाला जायला लागली. उन्हाळा होता. दिवसभर तव्यापुढं उभं राहायचं. एक दिवस जेवायच्या सुट्टीत एक पोरगी तिला म्हणाली, ताई, जरा तिकडं बसता का, वास येतोय. हे तिनं मला फार नंतर सांगितलं. त्या दिवशी फक्त जेवली नाही.

आणि मग तिनं तो फ्लेक्स आणला.

चौकात आबाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागले होते, वारं आलं की एखादा फाटून खाली यायचा. तसला एक तिनं गुंडाळून खांद्यावर घालून आणला. उलगडला तर केवढा तरी. आबा हात जोडून उभा, पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, गालांना गुलाबी रंग मारलेला. खाली शुभेच्छा देणाऱ्यांची बारीक बारीक तोंडं.

"आत्या, ह्येला कोण हात लावतंय बघू," ती म्हणाली.

मला हसू आलं. फार दिवसांनी आलं. आम्ही दोघींनी बांबू रोवले आणि फ्लेक्स ताणून बांधला, आबाचं तोंड रस्त्याकडं. कमरेच्या वरच काय, माझ्या डोक्याच्याही वर गेला.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. फ्लेक्सपुढं उभा राहिला. वर बघितलं, खाली बघितलं. त्याच्या मुकादमानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघं निघून गेले.

हौसा हे बघत होती. ती म्हणाली, मीच का मागं राहू? तिला आबाचा फ्लेक्स मिळाला नाही, म्हणून तिनं त्याच्या विरोधकाचा लावला. दोघं शेजारी शेजारी हात जोडून उभे. येणारेजाणारे हसायचे. चहावाला म्हणाला, "हौसाबाई, युती केली का काय तुम्ही?" पण हौसाचा फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी गेला. नगरपंचायतीची माणसं आली, नियम सांगितला, काढून घेऊन गेली. आमच्याला हात लावला नाही. मापं दोन्हीची सारखीच होती.

सुनंदा पुन्हा अंघोळ करून कामाला जायला लागली. ती पहाटेच उरकायची. मी मागून जायचे, ऊन आल्यावर. आणि मला ते जड जायला लागलं. फ्लेक्सचं कापड पातळ असतं. रस्त्याकडून ऊन पडलं की आतूनसुद्धा चित्र दिसतं, उलटं. मी तांब्या डोक्यावर घ्यायचे आणि समोर आबा, हात जोडून हसतोय. पाठ केली तर पाठीला तो. कापड आहे, शाई आहे, हे मला कळतं, मी काही खुळी नाही. तरी अंग चोरून बसायचे. पत्र्यामागं मी कधी अंग चोरलं नव्हतं. सुनंदाला मी हे बोलले नाही. तिची सोय झाली होती. माझं मी गिळलं.

ते असंच चाललं असतं. आम्हाला चालवून घ्यायची सवय असते.

पण फूटपाथचं उद्घाटन निघालं. त्यावरून माणसं कधीची चालत होती, तरी निघालं. रविवार होता. सुनंदाला सुट्टी, म्हणून ती उशिरा, ऊन आल्यावर अंघोळीला बसली. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. लांबून फटाक्यांचा आवाज आला. मग पांढऱ्या कपड्यांची माणसं दिसली. पुढं आबा, गळ्यात हार. बाजूला साहेब. मागं पोरं, कॅमेरावाला. ती सगळी फूटपाथवरून चालत आली आणि आमच्या न्हाणीपुढं थांबली.

आबानं स्वतःचा फोटो बघितला. खूष झाला.

"बघा," तो म्हणाला, "ह्याला म्हणायचं प्रेम! आम्ही सांगितलं न्हाई, सवरलं न्हाई. गरिबानं आपल्या दारात आमचा फोटू लावलाय. मावशी, इकडं या!"

त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच मावशी झाले.

"या या, लाजू नका. फोटू काढू तुमच्यासंगं."

कॅमेरावाला पुढं झाला. आबाला फ्लेक्सला पाठ लावून उभं केलं. मला म्हणाला, आजी, इकडं, आबांच्या शेजारी, फ्लेक्स दिसू द्या. आबा फ्लेक्सला इतका टेकला की कापड आत गेलं.

आत तांब्या वाजला.

कुणी लक्ष दिलं नाही. तांब्या पुन्हा वाजला, जोरात. आमच्या आळीत तो आवाज शेंबड्या पोराला कळतो. ह्यांना कळला नाही. त्यांच्या घरी न्हाणीघराला कडी असते.

मी म्हणाले, "आबा, आत माझी सून हाय. अंघोळ करतीय. सरका."

आबा हसला. "मग करू द्या की! आम्ही हाय ना भिंतीवानी उभं. कोण बघतंय?"

पोरं हसली. तेच हसणं. कापडाच्या पलीकडं, एका हातावर, सुनंदा गुडघे पोटाशी घेऊन बसली असणार. कशी बसली असेल ते मला बघायची गरज नव्हती. मला ते बसणं माहीत होतं.

मला राग आला नाही. राग यायला अंगात जोर लागतो. मी फार दमले होते. खुरपून दमले होते, न्हाणी पुढं सरकवून दमले होते, ह्या माणसाला अहो म्हणून दमले होते. नुसतं वाटलं, पुरे.

"न्हाई," मी म्हणाले.

"काय न्हाई?"

"फोटू न्हाई काढायचा. तुम्ही सगळ्यांनी तिकडं व्हा, आन् रस्त्याकडं तोंड करा. ती कापडं घालून भाईर येस्तवर कुणी वळायचं न्हाई."

फटाके वाजवणारं एक पोरगं म्हणालं, "ए म्हातारे, कुणापुढं बोलतीस?"

"तुझ्यापुढं बी बोलतीय. वळ."

माझा आवाज मोठा नव्हता. ओरडायला मला येतच नाही. कुणी हललं नाही. मग साहेब वळला. सगळ्यात आधी तो. रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला, हात मागं बांधून. मग कॅमेरावाला. मग आमच्या आळीतला एक म्हातारा बघ्या म्हणून उभा होता, तो वळला, आणि मग पटापट बाकीचे. पोरगं सगळ्यांकडं बघून वळलं.

आबा उरला.

"आबा, तुम्ही बी," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं आमच्या आळीतली चांगली चांगली माणसं काम सोडून उठलेली मी बघितली आहेत. मी तिथंच उभी राहिले. माझ्या हातात तांदळाचं सूप होतं, ते मी खाली ठेवलं नाही. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला, कानाला लावला, "हां, बोला," म्हणाला आणि बोलत बोलत रस्त्याकडं वळला. फोन आला होता की नाही, मला माहीत नाही. मी वाजलेला ऐकला नाही.

पांढऱ्या कपड्यांच्या पाठी एका ओळीत उभ्या होत्या. एसटी गेली, त्यातली माणसं बघत गेली, ही कसली रांग म्हणून.

सुनंदानं घाई केली नाही. बादलीत जेवढं पाणी होतं तेवढं सावकाश अंगावर घेतलं. मला एकेक तांब्या ऐकू येत होता. ऐकू त्यांनाही येत असणार. मग ती कोरडं लुगडं नेसून, केसांना पंचा गुंडाळून बाहेर आली. ओळीकडं बघितलंसुद्धा नाही.

"झालं, आत्या," म्हणाली आणि घरात गेली.

मी आतून विळा आणला. फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. तो खाली आला. घडी घातली, मोठी होती, दोनदा सुटली. ती घडी त्या फटाक्यांच्या पोराच्या हातात दिली. "तुमचं तुम्हाला," म्हणाले.

आबानं मोबाईल खिशात ठेवला. "आता अंघोळ कुठं करणार गं?" मावशी संपली होती.

"हितंच."

"बघू किती दिस." हळूच म्हणाला, मला ऐकू येईल एवढंच. मग हसून सगळ्यांना म्हणाला, "चला, पुढं नारळ फोडायचाय," आणि ती सगळी पुढं गेली.

यानंतर काही चांगलं झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. आमच्या ओळीचा नळ दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. बाया मला बोलल्या. "तुला गं काय पडलं व्हतं? चांगला फ्लेक्स व्हता." हौसा बोलायची बंद झाली. पोरानं टेम्पोवरून फोन केला. "आई, मिटव ना. आपल्याला तिथंच राहायचंय." मी म्हणाले, "म्हणून तर." त्याला ते कळलं नाही, त्यानं फोन ठेवला.

पत्रे मागायला मी नगरपंचायतीत गेले. जप्त झालेत म्हणाले. मी जुनी लुगडी जोडून पडदा शिवला आणि बांधला. काढून नेला. दुसरा शिवला. तोही नेला. तिसऱ्यासाठी लुगडं उरलं एक.

मग मी बांबू रोवायचे सोडले. आता पहाटे सुनंदा बादली घेऊन न्हाणीच्या दगडावर बसते आणि मी तिच्यापुढं उभी राहते. दोन्ही हात वर करून लुगडं धरते. ती अंघोळ करते, मी रस्त्याकडं बघत उभी असते. ती उठली की मी हात खाली घेते. फूटपाथवर ना बांबू राहतो ना पत्रा. मुकादम दोनदा आला, काढायला काही सापडलं नाही. माझे हात मात्र दुखतात. उजवा खांदा रात्री ठणकतो. एक दिवस हौसा आली, न बोलता तिनं एक टोक धरलं. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिच्या घरातले रागावतात. ज्या दिवशी येते त्या दिवशी मी तिच्या अंघोळीला उभी राहते, नाही आली तर एकटी धरते.

परवा साहेब गाडी थांबवून उतरला. लांब उभा राहून खाकरला. कुणी सांगितलं असेल त्याला. सुनंदा उठून आत गेली, मग जवळ आला.

"आजी, हे असं किती दिवस करणार?"

"तुम्हीच सांगा."

"तुम्ही अशा उभ्या राहता, इथं वळण आहे. गाडीवाल्याला पलीकडचं दिसत नाही."

"त्येला म्हणावं हळू चालव."

तो हसला नाही. म्हणाला, "तुम्हाला नक्की काय पाहिजे ते तरी सांगा."

मी त्याला घरामागं नेलं. आमच्या भिंतीला टेकलेली ती भिंत दाखवली. हात आत जात नाही मध्ये, तेही दाखवलं. म्हणाले, इथं बोळ होता. तुमचा फूटपाथ तुम्हाला राहू द्या, मला त्याच्यावर काही नको. ही भिंत मागं घ्या. दोन बाया घासून जातील एवढीच. तुमचा टेप आणा, तो नियम आणा, आणि आमच्या दारात जसा लावला तसा इथं लावा.

"ते माझ्या हातात नाही," तो म्हणाला.

"मग ज्येच्या हातात हाय त्येला सांगा."

मी कुणाच्या दारात जाऊन बसणार नाही. कुणाच्या पाया पडणार नाही. कुणाचा फोटो दाराला लावणार नाही, देवाचासुद्धा नाही. नळ बंद केला तर हापशावरून पाणी आणीन. शेवटचं लुगडं नेलं तर अंगावरचं सोडून धरायची माझी तयारी आहे, आणि तेव्हा माझं काय दिसतं त्याची मला फिकीर नाही. सुनंदाचं दिसणार नाही. मी पडले तर दुसरी कुणी उभी राहील की नाही, हे मला माहीत नाही. मी त्याच्यावर विसंबूनही नाही. आज उभी आहे, उद्याही उभी राहणार आहे.

बोळ मोकळा करा. त्या दिवशी मी हात खाली घेईन. त्याच्या आधी नाही.